सासऱ्यानं दाखवलेल्या बागा

आमच्या घरात ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, कारण ती माझी बायको सांगते. तिच्या तोंडून ती फार आखूड आहे: "यायनं माझा वाफा उपटला, बकरीवर घातलं, मग वाशीमले येऊन मार खाल्ला." मार मी खाल्ला नव्हता. एवढं सोडलं तर बाकी सगळं खरं आहे, आणि खरं आहे म्हणूनच ते मी स्वतः सांगितलेलं बरं. निदान मार तरी वाचेल.

रिठदला आमचा मळा. एक विहीर, एक मोट, वांगी, मेथी, कांदा, मिरची. मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा होतो आणि भाजीपाल्यातलं मला सगळं कळतं अशी माझी खात्री होती. बायको वाशीमची. तिच्या माहेरी फुलांची बाग, पिढ्यान्‌पिढ्या देवळाला हार पुरवणारी माणसं. लग्नात तिच्याबरोबर भांडीकुंडी आली, आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेली शेवंतीची पिलं आली. जुन्या झाडाच्या बुडाशी जी मुळासकट फुटतात ती. मला वाटलं, वाटेत खायला काही दिलं असेल.

तिनं ती पिलं लावली कुठं, तर विहिरीजवळच्या पहिल्या वाफ्यात. मोटेचं पाणी दांडातून पहिल्यांदा जिथं पोचतं, तिथं. मळ्यातली सगळ्यांत चांगली जागा. मला ते तेव्हाच खुपलं, पण नवी नवरी म्हणून गप्प राहिलो. पहिल्या वर्षी शेवंती फुलली. बायकोनं गावातल्या देवाला हार केला, मला एक फूल दिलं. मी ते बैलाच्या शिंगाला बांधलं. तिनं पाहिलं, बोलली काही नाही. न बोलणं ही तिची जुनी सवय, आणि न समजणं ही माझी.

दुसऱ्या वर्षी दसरा आठवड्यावर आला होता. शेवंती कळ्यांनी लगडलेली. माझी कांद्याची रोपं मात्र तयार होऊन जागेसाठी खोळंबली होती. बायको माझ्या आईबरोबर दोन दिवस मावशीकडे गेली, आणि मी फावडं घेतलं. एका सकाळी सगळी शेवंती बुडासकट काढली, बांधापलीकडे फेकली, वाफा भिजवला आणि कांदा लावून मोकळा झालो. दुपारी भाकर खाताना फार मर्द वाटत होतं. संध्याकाळी गाडीची घुंगरं ऐकली तेव्हा फावडं गोठ्यात नेऊन लपवलं.

बायकोनं वाफा पाहिला. मी म्हणालो, "शेजारच्या म्हातारीची बकरी शिरली. सारं खाल्लं तिनं. वाफा रिकामा कायले ठेवा, म्हणून कांदा लावला."

खोटं एकटं उभं राहत नाही, त्याला टेकू लागतो. मी टेकू असा दिला की दुसऱ्या दिवशी म्हातारीची बकरी धरून कोंडवाड्यात घातली. म्हातारी एकटी बाई, घरात ती आणि बकरी. ती आमच्या दारात येऊन मला शिव्या देऊ लागली. मी तिच्यापेक्षा मोठ्यानं ओरडलो. जो खोटा असतो त्याला आवाज जास्त लागतो, हे मी त्या दिवशी शिकलो, पण शिकलो हे कळायला फार दिवस गेले.

बायको बांधापलीकडे जाऊन उभी राहिली. फेकलेली बुडखी तिनं पायानं उलटी करून पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी वाशीमला जाणारी एक गाडी होती, तीत बसून ती माहेरी गेली. येते म्हणाली नाही, जाते म्हणाली नाही.

दसरा गेला, दिवाळी गेली. आई माझ्याशी फक्त जेवायच्या वेळी बोले, आणि तेही "घे" एवढंच. मार्गशीर्ष लागला तेव्हा तिनं सांगितलं, "जा, तिले घेऊन ये. नाई आली तं तूही येऊ नको."

मळ्यातला पहिला तोडा सासुरवाडीला न्यावा अशी आमच्याकडे रीत आहे. मी रीत पाळली. कांद्याची पात छान वाढली होती. पहाटे हिरव्यागार पातीची मोठी जुडी बांधली, खांद्यावर टाकली आणि वाशीमची वाट धरली. वाटभर मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. ही पात कोणत्या वाफ्यातली आहे, हा विचार सबंध वाटेत एकदाही मनाला शिवला नाही. आजही मुलं मला विचारतात, "बाबा, खरंच नाई शिवला?" खरंच नाही. डोकं असतं तर आधी फावडंच घेतलं नसतं.

सासऱ्यांची बाग पद्मतीर्थ तळ्याच्या अंगाला. मामाजी, म्हणजे माझे सासरे, ओसरीवर बसून झेंडूचा हार ओवत होते. मी पाया पडलो. त्यांनी पाय मागे घेतले. पाय धुवायला पाणी कोणी आणलं नाही. मी पातीची जुडी पुढं ठेवली. मामाजींनी एक पात काढून नखानं चिरली, वास घेतला.

"तजेलदार हाय. कोणत्या वाफ्यातली?"

"विहिरीजवळच्या," मी अभिमानानं म्हणालो. "पहिल्या वा—"

आतल्या घरात भांडं आपटलं. थोरला साळा, बायकोचा भाऊ, दारात उभा होता, तो हसला. असं हसणं मी नंतर फक्त एका घोड्याचं पाहिलं आहे, चावायच्या आधीचं.

"बरं," मामाजी म्हणाले. "दोन दिवस राहा, जवाईबापू. वाशीम जुनं गाव हाय, राजाची राजधानी होती म्हणतात. बागा लई हायेत. तुमच्याकडं बकऱ्या जास्त अन् बागा कमी. पाहून घ्या."

"मी तिले न्यायले आलो, मामाजी."

"अगुदर बागा."

त्या दिवशी जेवायला कांद्याच्या पातीचं बेसन होतं. संध्याकाळी कांद्याच्या पातीची भाजी. सासूबाई वाढताना म्हणाल्या, "जवाईबापूले आवडते न, म्हणून केली." जावयाला पाटावर बसवून पुरणपोळी घालतात असं मी ऐकून होतो. मी पोत्यावर बसलो होतो. बायको आतून एकदाही बाहेर आली नाही. फक्त तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या, आणि त्याही रागावलेल्या वाटत होत्या.

सकाळी साळा मला घेऊन निघाला. पहिली बाग देवळाची. दवणा, मरवा, गुलाब, जास्वंद. आमच्याकडे कोवळ्या काकडीकडे सरळ बोट दाखवलं की ती कुजते, म्हणून आम्ही मळेवाले बोट नेहमी वाकडं करून दाखवतो. मी त्याच सवयीनं जास्वंदीकडे वाकडं बोट केलं. "ही चांगली फुलली," म्हणालो.

फुलं तोडणाऱ्या म्हाताऱ्यानं साळ्याकडे पाहिलं. "हा कोन? वाकुल्या काहून दाखवून राह्यला?"

"आमचा जवाई. रिठदचा."

"अस्सं! बकरीवाला?"

गोष्ट माझ्याआधी गावात पोचली होती. म्हाताऱ्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि फुलांची परडी दुसऱ्या बाजूला सरकवली. जणू मीच चरायला आलो होतो.

दुसरी बाग म्हणजे बाग नव्हतीच. गावाबाहेर एक बुजलेली पायविहीर, फुटका हौद आणि चहूकडे सीताफळीचं रान. साळा म्हणाला, "ही राजाची बाग. फुलांचीच होती म्हनतात. मंग कोनीतरी शहान्यानं उपटली असन."

ऊन चढलं होतं, पोटात कांदा होता, आणि हौदाच्या काठावर बसू म्हटलं तर तिथं सरडा बसला होता. तोही उठेना. मला त्या गावाचा मनापासून राग आला. फुलं काय खातात का? फुलांवर कोणाचं पोट भरलं आहे? मी साळ्याला हेच विचारलं.

"आमचं भरलं," साळा म्हणाला. "सात पिढ्यांचं. तुमी जे बाईल नेली तिचंबी त्याच्यावरच भरलं." मग तो थांबला. "तुमाले ठाव हाय का पिलं काहून देतात?"

"लावायले."

"लावायले!" त्यानं कपाळावर हात मारला. "आमच्याकडं पोरीसंगं घरच्या शेवंतीची पिलं देतात. तठी पिलं जगली, फुलली, तं पोरीनं मूळ धरलं म्हनतात. सासरी फूल फुललं की मायचा जीव भांड्यात पडते. अन् तुमी काय केलं? फावड्यानं पोरगीच काढली न बांधावर फेकली."

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे बायकोनं एकदा सांगितलं असेल, तेव्हा मी मिरचीचा विचार करत असेन. मी खाली पाहिलं. पण तरी तोंडातून जे निघालं ते असं: "बकरी होती हो भाऊ."

साळा तडक चालू लागला. मी मागोमाग.

तिसरी बाग कचेरीतल्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्याची. साहेब दौऱ्यावर होता, आणि तिथला माळी साळ्याच्या ओळखीचा, म्हणून आत जाता आलं. तिथं मी जे पाहिलं ते आजही मला पटत नाही. गवत! जे आम्ही जन्मभर खुरपून काढतो, ते तिथं मुद्दाम लावलं होतं, आणि एक माणूस त्याला झारीनं पाणी देत होता. मी साळ्याला म्हणालो, "हे लोक गवताले पाणी देऊन राह्यले, आन मले येडा म्हनता?" साळ्याला हसू आलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच आम्ही एका बाजूला झालो होतो. ते पाव घटका टिकलं.

कारण साळा माळ्याशी बोलत उभा राहिला, आणि मी एका वाफ्याशी उकिडवा बसलो. मळ्याच्या माणसाला वाफ्याशी नुसतं उभं राहता येत नाही, हात आपोआप जातो. वाफ्यात लाल फुलांच्या रोपांमध्ये तांदुळज्यासारखी काही झाडं उगवली होती. तण. बोलता बोलता मी पाच-सहा उपटली, मुळांची माती झटकली आणि बाजूला नीट ढीग केला. चांगलं काम केलं म्हणून मनात बरंही वाटलं.

माळ्याची किंकाळी ऐकून कावळे उडाले. "अरे, इलायतेचं बी हाय ते! मडमनं सोताच्या हातानं लावलं! मेलो, मेलो मी!"

किंकाळी ऐकून मडमही बाहेर आली. उंच, टोपी घातलेली. तिनं ढीग पाहिला, मग माळ्याकडे पाहिलं. "किसने निकाला?"

माळ्याचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. म्हातारा माणूस, त्यानं डोक्यावरचं पागोटं काढून तिच्या पायाशी ठेवलं. साळ्यानं मागून माझ्या दंडाला चिमटा काढला. "चूप राहा. सरका मागं. त्याचं तो पाहीन."

तिथं बकऱ्याही होत्या. कुंपणापलीकडे दोन चरत होत्या, मी डोळ्यांनी पाहिल्या. खरं सांगतो, जीभ तिकडे वळलीसुद्धा. पण म्हाताऱ्याचं पागोटं मातीत पडलेलं दिसत होतं.

"म्यानं," मी म्हणालो. "म्या उपटलं, बाई. मले तन वाटलं."

तिला माझी भाषा कळली नाही, पण छातीवर ठेवलेला हात कळला. ती माळ्याला बरंच काही बोलली. माळी माझ्याकडे वळला, आता त्याला आवाज आला होता. "मडम म्हनते, पानी भर. सांजेपर्यंत. साऱ्या हिरवळीले."

मी भरलं. दोन झाऱ्या, बंगल्यामागची विहीर, आणि एवढं मोठं गवत. रिठदच्या माझ्या मळ्यात त्या वेळी मेथी सुकत असेल, आणि मी वाशीममध्ये गवत भिजवत होतो. माळी सावलीत बसून देखरेख करत होता. "तठी राह्यलं," तो सांगे. "कोपरा सुका हाय बे, जवाई." साळा थोडा वेळ बसला, मग उठून घरी गेला. मला वाटलं, मजा सांगायला गेला.

दिवस मावळायला मी परतलो तेव्हा हात लांब झाल्यासारखे वाटत होते. ओसरीवर सगळं घर बसलं होतं, देवळाचे सांजेचे हार ओवणं चाललं होतं. मामाजी, सासूबाई, साळा, आणि पहिल्यांदाच बायको. ती मान खाली घालून फुलं निवडत होती. सगळे मला पाहून हसले. ती हसली नाही.

साळा म्हणाला, "या, गवताचे माळी!" मग त्याचा आवाज बदलला. "एक सांगा, पाव्हणे. गोऱ्या बाईपुढं छाती ठोकून सांगता, म्या उपटलं. अन् आमच्या बहिनीपुढं बकरी? ते तुमची कोन लागे?"

कोणी हसलं नाही. मामाजींचा हात सुईवर थांबला. सासूबाई माझ्याकडे रोखून पाहत होत्या. मला कळलं की दोन दिवस मला बागा दाखवल्या जात नव्हत्या, ही माणसं एका वाक्याची वाट पाहत होती. आणि ते वाक्य बोलल्याशिवाय ही बाई माझ्याबरोबर उठणार नव्हती. पाच कोसांवरून मी ते खांद्यावर आणलं असतं तर पातीपेक्षा हलकं झालं असतं.

"म्या उपटलं," मी म्हणालो.

"तिकडं पाहून सांगा," सासूबाई म्हणाल्या. "मले काय सांगता?"

मी बायकोकडे वळलो. "म्या उपटलं. फावड्यानं. बकरी नोती."

ती शेवंतीची पाकळी न पाकळी नीट करत राहिली. फूल टोपलीत ठेवलं. मग म्हणाली, "मले मालूम होतं. बकरी शेंडा खाते. खोडावर फावड्याचा घाव होता." दुसरं फूल उचलून पुन्हा: "फुलं गेली त्याचं मी सोसलं असतं. मले येडी समजले, ते नाई सोसलं."

मी मामाजींना विचारलं, पुन्हा पिलं देता का, मी पहिल्या वाफ्यातच लावतो. ते म्हणाले, "पिलं एकडावच देतो आमी. पोरगी काय दोनदा जन्मते?" आणि हार ओवू लागले. त्यांच्या मनातली अढी सुटली नव्हती. ते वारेपर्यंत सुटली नाही, हेही सांगून टाकतो.

सकाळी साळ्यानं गाडी जुंपली. बायको गाठोडं घेऊन बाहेर आली, तेव्हा घरात कोणी तिला जा म्हणालं नाही, राहा म्हणालं नाही. तिनं स्वतःच सगळ्यांसमोर मला सांगितलं, "मी तुमच्यासंगं येऊन राह्यली. पन घरात पाय ठेवाच्या अगुदर तुमी म्हातारीच्या दारी जायचं. तिची बकरी कोंडवाड्यात काहून घातली, ते तिच्यापुढं सांगायचं. मी गाडीत बसून ऐकीन. नाई सांगितलं, तं भाऊ गाडी फिरवन."

"फिरवतोच," साळा म्हणाला. त्याला तेच हवं होतं असं वाटलं.

वाटभर ती माझ्याकडे पाठ करून बसली. साळा फक्त बैलांशी बोलला, आणि बैलांना जे म्हणाला त्यातलं निम्मं मला होतं. उन्हं कलती झाली तेव्हा रिठद आलं. गाडी म्हातारीच्या दारापुढं थांबली. म्हातारी अंगणात बसून बकरीला पाला घालत होती. मला पाहून तिनं आधी बकरीच्या गळ्यातली दोरी धरली.

"काहून आला बे? आता काय खाल्लं तिनं तुहं?"

"काई नाई, बाई," मी म्हणालो. गाडीत मागे बांगड्या वाजल्या नाहीत, म्हणजे ऐकणं चालू होतं. "शेवंती तुह्या बकरीनं नोती खाल्ली. म्याच उपटली. अन् तिले कोंडवाड्यात घातलं ते बी म्याच, खोटं बोलून."

म्हातारी उठून उभी राहिली. तिला उठायला वेळ लागला, पण तोंडाला नाही लागला. माझ्या बापापासून सुरू करून ती माझ्या अजून न झालेल्या पोरांपर्यंत आली. मुक्या जनावराला कसं दोन दिवस तहानलेलं बांधून ठेवलं होतं, कसं तिचं दूध आटलं, ते सगळं गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं. दारादारांत बायका उभ्या राहिल्या. माझी आईही आली. मला वाटलं, ती मधे पडेल. ती पदर खोचून ऐकत उभी राहिली, आणि एकदोन ठिकाणी मान हलवली. मी हात जोडून उभा. एवढा वेळ मी देवासमोरही उभा राहिलेलो नाही.

म्हातारी श्वास घ्यायला थांबली आणि पुन्हा सुरू झाली, तेव्हा मागं गाडी करकरली. बायको खाली उतरली होती. गाठोडं तिनं साळ्याच्या हातून घेतलं, माझ्याकडे न पाहता माझ्या बाजूनं गेली आणि आमच्या घरात शिरली.

मी मागं निघालो. म्हातारीनं माझी बाही धरली. "थांब बे," ती म्हणाली. "माहं झालं नाई अजून."